मशीन विचारतंय, आणू का?

आमच्या गावच्या रेडिओवर कार्यक्रम कमी आणि किस्सेच जास्त होतात! कोपरगावच्या अलीकडे दोन खोल्यांचं केंद्र, माणसं तीन: अध्यक्ष नाना, निवेदिका शोभाताई आणि कॉम्प्युटर सांभाळणारा मी. आमची सगळी रेकॉर्डिंग भाड्याच्या सर्व्हरवर. ती उतरवायची म्हणजे काळ्या स्क्रीनवर एफटीपीची कमांड मारायची. एमगेट लिहून पुढं स्टार दिला की सगळ्या फाइली ओळीनं येतात. फक्त प्रत्येक फाइलीला मशीन विचारतं, आणू का? वाय दाबलं तर हो, एन दाबलं तर नाही.

पहिल्या दिवशी नाना वाय दाबून दाबून वैतागले. "आरं, पोरगी बघाय गेल्तो तवा बी मला एवढं इचारलं न्हवतं!"

मग मी प्रश्न बंद करायची कमांड दाखवली.

*

एकदा नानांनी हौसेनं स्वतःच फाइली उतरवल्या, पण आधी 'बायनरी' लिहायचं राहिलं. तसं झालं की आवाजाची पार वाट लागते. डाळिंबाच्या कार्यक्रमात नुसती खरखर! नाना डोळे मिटून ऐकत बसले आणि म्हणाले, "पाऊस लई झ्याक झालेला दिसतोय!"

*

उतरवलेली फाइल आपण ज्या फोल्डरात असू तिथंच पडते. नाना होते नातीच्या लग्नाच्या फोल्डरात. दुसऱ्या दिवशी घरच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला, समोर व्याही बसलेले. हळदीचे फोटो संपले आणि शोभाताईंचा आवाज घुमला, "लाळ्या-खुरकूत, लक्षणं आणि उपाय!"

व्याही गडबडले. "आमच्यात न्हाई हो तसलं काही!"

*

आणि मग तो दिवस. संध्याकाळी सहाला सर्व्हर कायमचा बंद, असं मालकानं सकाळीच कळवलं. कार्यक्रम वाजला की इकडच्या फाइली आम्ही पुसायचो, त्यामुळं दुसरीकडे कॉपी नव्हती. त्या रेकॉर्डिंगांतच शोभाताईंच्या आईची मुलाखत होती. नंतर अर्धांगवायूनं आईची वाचा गेली, आवाज उरला तो तेवढाच.

मी म्हटलं, "ताई, आईची आधी उतरवू."

"बाकीच्यांच्या आया काय वाऱ्यावर सोडायच्या? तारखेवार येऊ दे सगळं. अन् प्रश्न चालू ठेव, जुन्या जाहिराती नको म्हणता येतील."

नेट रडत होतं. ताई जेवायलाही उठल्या नाहीत. वाय, वाय, वाय. सहा वाजत आले तेव्हा दोनच फाइली राहिल्या होत्या: नानांचं वर्धापनदिनाचं लांबलचक भाषण, आणि त्यानंतर आई. वेळ एकीपुरताच होता, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

मशीननं विचारलं, नानांचं भाषण आणू का?

ताईंचं बोट वायवर गेलं आणि तिथंच थांबलं. मागं नाना उभे. ते भाषण त्यांनी घरच्यांना बसवून बसवून पाठ केलं होतं.

नाना वाकले, ताईंचा हात बाजूला केला आणि एन दाबलं.

मशीननं पुढची फाइल विचारली. ताई वळून नानांकडेच बघत राहिल्या.

"माझ्या तोंडाकडं काय बघती पोरी?" नाना ओरडले. "इचारतंय ना ते? व्हय म्हन!"