सिस्टरबाईंचे पाय

बातमी आली तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. फोन नागपूरहून होता, म्हाताऱ्या झालेल्या सिस्टर जिथे राहतात त्या घरातून. बोलणारी सिस्टर तरुण होती. "सिस्टर रोझिटा पहाटे गेल्या," ती म्हणाली. कशानं, असं मी विचारलं. वय झालं होतं, हृदय थकलं असेल, झोपेत गेल्या असतील... असलंच काही ऐकायची मी तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "पायाची जखम. शुगर होती ना त्यांना, पाय बधिर झालेले. आतल्या आत चिघळत गेलं. आम्हाला कळलं तोवर रक्तात पसरलं होतं." मी डबा बंद केला. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, आमच्या सिस्टरबाई.  त्या जाण्याच्या जेमतेम महिनाभर आधी मी त्यांच्यासमोर बसून आले होते. पोटभर गप्पा मारल्या होत्या, फोटो काढले होते. त्यांचे पाय तेवढे पाहिले नव्हते.

वाचणाऱ्याला वाटेल, पायांचं एवढं काय घेऊन बसलीस? त्यासाठी आमची वस्ती माहीत हवी. चंद्रपूर जिल्ह्यात, पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून, कुष्ठरुग्णांची एक वस्ती आहे. ख्रिस्ती सिस्टर लोकांचा दवाखाना आणि त्याच्या मागे कौलारू खोल्यांच्या रांगा. मी तिथली. माझी आई तिथली रुग्ण होती. गावानं आईचं पाणी वेगळं केलं, मग ताट वेगळं केलं, आणि मग बाबांनी आम्हा दोघींनाच वेगळं केलं. सहा वर्षांची मी आणि माझी आई एसटीतून उतरून, उन्हात चालत त्या दवाखान्याच्या पडवीत येऊन टेकलो. आईनं पदर तोंडाला लावून आपली कर्मकहाणी सुरू केली. समोर बसलेल्या गोऱ्या, ठेंगण्या सिस्टरनं हात वर करून तिला थांबवलं. "पहिले पाय. मंग गोष्टी."

आईला वाटलं, ही आपल्याला घाण समजून पाय धुवायला सांगते आहे. ती उठायलाच निघाली. सिस्टरनं बसल्या बसल्या आईची टाच ओढून आपल्या मांडीवर घेतली. पांढऱ्याशुभ्र साडीवर, धुळीनं भरलेला पाय! तळव्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता, रक्त वाळून काळं पडलं होतं. आई अख्खी वाट त्या काट्यावरून चालत आली होती आणि तिला पत्ता नव्हता. "दुखत नाई ना बाई," आई कौतुकानं सांगायला लागली, "लई सोसते माहा पाय." सिस्टर काटा उपसत म्हणाली, "दुखलं असतं तं तू थांबली असती. आता तुहे डोळेच तुहा पाय. रोज पाह्यचं." मग तिनं माझाही पाय ओढला. मी निरोगी होते, पण ओळीत बसलेल्या कोणाचे पाय सोडायचे नाहीत असा तिचा नियम होता. बापानं हाकलल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता. मी भोकाड पसरलं. तिला वाटलं, मलाही काटा रुतला आहे. बराच वेळ शोधत बसली.

या सिस्टर रोझिटा. मूळच्या केरळच्या. मराठी शिकल्या त्या वस्तीतल्या बायकांकडून, त्यामुळे बोलायच्या अस्सल झाडीबोली, आणि शिव्याही तिथल्याच. पुण्याचे एक डॉक्टर पाहुणे म्हणून आले होते, ते त्यांचं मराठी ऐकून अवघडून हिंदीत बोलायला लागले. वस्तीत त्यांना कोणी रोझिटा म्हणालं नाही. सिस्टरबाई. रोज सकाळी पडवीत ओळीनं घमेली मांडलेली, प्रत्येक घमेल्यात कोमट पाण्यात दोन पाय. पाय भिजले की घट्टे खरवडायचे, तेल चोळायचं, आणि मग सिस्टरबाई लाकडी स्टुलावर बसून एकेक पाय मांडीवर घेणार. बोटांनी नाही, हाताच्या मागच्या बाजूनं तळवा चाचपायच्या. एखादी जागा बाकीच्या पायापेक्षा गरम लागली की समजायचं, वरून कातडी धड दिसली तरी आत काहीतरी बिघडतं आहे. त्या माणसाला मग सक्तीची विश्रांती. रेशनचं भांडण असो, नवऱ्यानं मारलेलं असो, पोरीचं लग्न ठरलेलं असो, पाय दाखवल्याशिवाय सिस्टरबाई ऐकून घ्यायच्या नाहीत. एकदा ब्लँकेटं वाटायला एक पुढारी आले. भाषण करायला उभे राहिले तर सिस्टरबाई म्हणाल्या, "साहेब, तुमी लंगडून राह्यले. बूट काढा." सगळ्या वस्तीसमोर त्यांच्या पायाचं कुरूप निघालं. ब्लँकेटं कमी पडली, पण वस्तीला तो दिवस पुढे कित्येक वर्षं पुरला.

पाया पडलेलं त्यांना खपायचं नाही. कोणी वाकलं की हातावर चापट बसायची. "पाया नको पडू. पाय दाखव."

चैतात मोहफुलं पडायला लागली की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. पहाटे वस्तीतल्या बायका गुपचूप जंगलात जायच्या, वेचायला. वाघाची भीती होतीच, पण सिस्टरबाईंना वाघापेक्षा काट्याकुट्यांची काळजी. दवाखान्यातून सगळ्यांना मऊ रबराच्या काळ्या चपला मिळायच्या, पण बायका त्या घालायच्या नाहीत. कारण पंचक्रोशीत कोणीही त्या चपला पाहिल्या की ओळखायचं, ही 'तिथली'. माझी आई पोंभुर्ण्याच्या बाजाराला निघाली की गावाबाहेर पळसाच्या झुडपाखाली चपला लपवायची आणि अनवाणी बाजार करायची. भाजी मिळायची, कोणी हटकायचं नाही, आणि पायाला नवी जखम. हे सिस्टरबाईंना कळलं तेव्हा मला वाटलं आता आईची चामडी लोळवणार. तसं झालं नाही. राजुऱ्याहून रहीमचाचा चपला करून आणायचे, त्यांच्याकडून सिस्टरबाईंनी स्वतःसाठी तसलाच काळा जोड करून घेतला आणि पुढच्या बाजाराला आईच्या बरोबर निघाल्या. झुडपापाशी आई थांबली. सिस्टरबाई थांबल्या नाहीत. पांढरी साडी, गळ्यात क्रूस आणि पायात महारोग्याच्या चपला घालून त्या भर बाजारात वांग्यांचा भाव करत उभ्या राहिल्या. आई बराच वेळ झुडपापाशी उभी होती. मग तीही चपला घालूनच आली. सिस्टरबाईंनी पुढे आयुष्यभर दुसरी चप्पल वापरली नाही.

मी दहा-बारा वर्षांची झाल्यावर त्यांनी मला आईचे पाय पाहायला शिकवलं. माझा हात धरून, मागची बाजू तळव्यावरून फिरवून. "डोळ्याले फसवता येते. हाताले नाई." मी रोज संध्याकाळी कंदिलाशी बसून आईचे पाय पाहायची. कंटाळा यायचा, किळसही यायची, ते लपवत नाही. पण आई गेली तेव्हा तिचे दोन्ही पाय धड होते, आणि त्या वस्तीत ही लहान गोष्ट नव्हती. मी शिकले, चंद्रपूरला शिक्षिका झाले, लग्न केलं. पुढे रोग संपत आला म्हणून दवाखान्यातल्या खाटा कमी झाल्या, नव्या सिस्टर आल्या नाहीत, आणि सिस्टरबाईंना नागपूरला बोलावलं. त्यांना जायचं नव्हतं. "इथीच माती द्या म्हणलं होतं म्या," असं मला म्हणाल्या आणि लगेच पेटी भरायला बसल्या. वरून आज्ञा आली की मोडायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम.

मी अधूनमधून फोन करायची. भेटायला जाईन म्हणायची. परीक्षा, पोरीचा क्लास, सासूबाईंचं ऑपरेशन... कारणांना तोटा नसतो. शेवटी गेल्या उन्हाळ्यात गेले. नवरा, मुलगी, जवसाची चटणी आणि मोहफुलांचे लाडू घेऊन. खोली स्वच्छ, पंखा फिरतो आहे, खिडकीत सिस्टरबाई खुर्चीवर. नजर पार गेलेली, वाकता येत नव्हतं. आवाज ओळखून म्हणाल्या, "नलू? पहिले पाय!" आम्ही हसलो. माझ्या मुलीला सँडल काढायला लावून त्यांनी खरोखरच तिचा पाय मांडीवर घेतला, चाचपला, आणि "कॉलेजात जाते अन् नखं कापत नाई," म्हणून तिला रागावल्या. मग माझा घेतला. मग गोष्टी सुरू झाल्या. वस्तीत कोण आहे, कोण गेलं. तिथल्या शेवंतामायच्या डोळ्याचं काय झालं. लाडू त्यांनी नुसता हुंगला; गोड बंद होतं.

त्यांच्या पायात पांढरे मोजे होते. विदर्भातला मे महिना, पंखासुद्धा गरम वारा फेकतो आहे, आणि मोजे. मला दिसले. मनात आलंही, की काढून पाहावं. पण दारात दोन सिस्टर उभ्या होत्या, नवरा घड्याळ बघत होता, आणि त्या टापटीप खोलीत त्या वयस्कर संन्यासिनीचे मोजे उतरवणं मला कसंसंच वाटलं. ज्या बाईनं आयुष्यभर आमचे कुजके पाय पांढऱ्या साडीवर घेतले, तिच्याशी मी शिष्टाचार पाळला! निघताना मी काय केलं, तर वाकून नमस्कार केला. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून चापट बसली नाही. माझी बोटं मोज्यांवर टेकली. डाव्या पायाला हात लागला तेव्हा ऊब लागली. उजव्यापेक्षा जास्त. हाताला कळलं. खरंच कळलं, त्यांनीच तर शिकवलेला हात होता. मी स्वतःला म्हटलं, ऊन आहे, खिडकीजवळ बसल्यात... आणि गाडीत जाऊन बसले.

त्या वेळी सांगितलं असतं तर त्या वाचल्या असत्या का, हे मी दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांनीही माझी समजूत घातली. समजूत घालून घ्यायला मी गेले नव्हते.

माती नागपूरलाच झाली. त्यानंतर वस्तीतल्या लोकांनी पडवीत सभा ठेवली, मला निरोप आला. आता तिथे मोजकी म्हातारी माणसं उरली आहेत. सिस्टरबाईंच्या फोटोला हार घातला, वस्तीतल्या मारोतीभाऊंनी बुद्धवंदना म्हटली, रहीमचाचांच्या मुलानं दुवा मागितली, सिस्टर लोकांची प्रार्थना झाली. चहा आला. शेवंतामाय माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या दोन्ही हातांना बोटं नाहीत, कप ती मनगटांत धरते. चहा न पिताच ती म्हणाली, "नलू, तू भेटाले गेली होती म्हणते."

"हो, माय."

"पायानंच गेली म्हणते सिस्टरबाई. आमाले झोप नाई. तिथी तिचे पाय कोणी पाह्यले नसन, असंच वाटून राह्यलं. तुनं पाह्यले होते ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मारोतीभाऊसुद्धा. मी म्हटलं, "हो. पाह्यले होते."

"कसे होते?"

"चांगले होते, माय."

त्या पडवीत जणू सगळ्यांचा अडकलेला श्वास सुटला. "मंग ठीक हाय," कोणीतरी म्हणालं. "आपल्यातल्या एकीनं तं पाह्यले." शेवंतामायच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं कप खाली ठेवला आणि मला म्हणाली, "चप्पल काढ." मी काढली. तिनं माझा पाय ओढून मांडीवर घेतला आणि मनगटाची मागची बाजू माझ्या तळव्यावरून सावकाश फिरवली, टाचेपासून बोटांपर्यंत, एक जागा न सोडता. मग दुसरा पाय. मी तोंडात पदराचा बोळा कोंबून बसले होते. तिला वाटलं, मी सिस्टरबाईंच्या आठवणीनं रडते आहे. "थंड हाय," ती म्हणाली. "चांगले हाय तुहे पाय."

तिथून आल्यापासून मी हे लिहायला घेतलं आणि बाजूला ठेवलं, असं कितीदा तरी झालं. सिस्टरबाईंबद्दल छान छान लिहून मोकळं होता आलं असतं. लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण हे जिथे छापलं जाईल, ती पेपरची रविवारची पुरवणी वस्तीत जाते. मारोतीभाऊ ती पडवीत बसून मोठ्यानं वाचून दाखवतात आणि बाकीचे पाय घमेल्यात सोडून ऐकतात. हा लेखही तसाच वाचला जाईल. तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मारोतीभाऊंच्याच आवाजाचा आधार घेते आहे.

मारोतीभाऊ, इथवर वाचलंत तर आता थांबू नका. शेवंतामायला जरा मोठ्यानं ऐकवा, तिला कमी ऐकू येतं. माय, मी सिस्टरबाईंचे पाय पाहिले नव्हते. हात लागला होता, डावा पाय गरम लागला होता, आणि मी उठून निघून आले.