संपातली बिर्याणी

अझीमचाचांचा अर्धा जन्म हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर गेला. युनियनच्या पुढाऱ्यानं मालकाशी परस्पर मिटवून घेतलं, कारखाना बंद पडला आणि तिथे टॉवर उभे राहिले. आता त्याच टॉवरमध्ये चाचा स्कूटरवरून लोकांचं जेवण पोचवतात. तेही सामानाच्या लिफ्टनं, कारण दुसऱ्या लिफ्टमध्ये घामाचा वास राहतो म्हणे.

ॲपच्या कंपनीनं ऑर्डरमागचे पैसे पुन्हा कापले, तेव्हा चाचांनीच पुढे होऊन संप घडवला. अट एकच होती, ॲप कुणी उघडायचं नाही. ऑर्डरी पडून राहिल्या तरच कंपनी वठणीवर येणार होती.

संपाच्या मांडवात सदाशिव पेठेतल्या अभ्यासमंडळाचे इंद्रजीत सर आले. भांडवलशाही माणसाला कशी पिळते, क्रांती कामगारच कसे करणार, यावर ते दुपार टळेपर्यंत बोलले. त्यातलं काही खोटं नव्हतं, हेच वाईट. चाचांना जुन्या गेटसभा आठवल्या, आणि या वयात पुन्हा आशा वाटायला लागली.

"मंडळी उपाशी आहेत," सर शेवटी म्हणाले. "मी बिर्याणी मागवलीय सगळ्यांना."

कुठून मागवली, हे कुणी विचारलं नाही. थोड्या वेळानं मांडवापुढे स्कूटर थांबली आणि पिशव्या घेऊन सूरज उतरला. सकाळी ॲप न उघडण्याची शपथ घेताना सगळ्यात मोठा आवाज याचाच होता.

"चाचा, आज ऑर्डरला डबल पैसे देत्यात," तो खाली बघत म्हणाला. "घरी खाणारी तोंडं हायेत. पोचवल्याचा फोटो काढू द्या, मंग जातो."

"अरे, ॲपवरून मागवली की मी. लक्षातच आलं नाही," सर हसले.

 चाचांना सूरजची किळस आली, सरांची त्याहून जास्त.

"सर, आपण भाषणावरच थांबायला हवं होतं," ते म्हणाले.

तोवर माणसं पिशव्यांवर तुटून पडली होती. सूरज एकदाचा जावा म्हणून चाचांनी शेवटची पिशवी स्वतः घेतली. त्यानं फोन वर केला आणि चाचांनी पिशवी नीट समोर धरली, कंपनीचं नाव दिसेल अशी. गिऱ्हाइकांना ते रोज तशीच धरायला सांगत.

संध्याकाळी कंपनीचा मेसेज सगळ्यांच्या फोनवर आला. 'सेवा सुरळीत आहे. संपकरी बांधवांनीही आज आमच्याकडूनच जेवण मागवलं.' खाली फोटो होता. लाल झेंडा, आणि झेंड्याखाली पिशवी धरून अझीमचाचा.

बघता बघता एकेकानं ॲप उघडलं. चाचांनी साबणानं दोनदा हात धुतले. बिर्याणीचा वास काही जाईना.