भिंतीमागचं पाणी

गल्लीत त्याला ओळंबा म्हणत. गवंड्याच्या दोरीच्या टोकाला लोंबतं ते लोखंडी वजन. भिंत सरळ आहे की कललीय, ते सांगणारं. हा माणूसही तसाच: उंच, बारीक, मान खाली. कुणाच्या घरी गेला की आधी भिंतीवरून हात फिरवायचा, मग प्यायला पाणी मागायचा. एकदा मुलगी बघायला गेला, तर तिच्या बापाला म्हणाला, तुमची चौकट डावीकडे झुकलीय. ते लग्न जमलं नाही. पुढेही कुठलं जमलं नाही.

गल्ली एका भिंतीच्या पायथ्याशी होती. वर टेकाडावर कॉलनी, खाली गल्ली, आणि मधे टेकाडाची माती अडवून धरणारी दोन पुरुष उंचीची दगडी भिंत. वरच्यांची बाग त्या भिंतीपाशी संपायची, खालच्यांची घरं तिथून सुरू व्हायची. एकोणीस खोल्या तिला पाठ लावून उभ्या होत्या. प्रत्येकाने तीनच भिंती बांधल्या. चौथी आयती मिळाली. यातल्या अकरा खोल्या ओळंब्याच्या हातच्या.

कॉलनीवाल्यांनी भिंत दोनदा वाढवली. पहिल्यांदा चोर येतात म्हणून. दुसऱ्यांदा, चहा पिताना खालचे वाळत घातलेले कपडे दिसतात म्हणून. दोन्ही वेळा काम ओळंब्यालाच मिळालं. आपल्या सख्ख्या बहिणीचे कपडे त्याने लोकांच्या नजरेआड करून दिले. काम ते काम, म्हणाला.

भिंतीत गुडघाभर उंचीवर भोकं होती, दर खोलीत एक. मातीत मुरलेलं पाणी त्यांतून निघून जायचं. वर हिरवळ लावली गेली, ती रोज दोन वेळा नळीने भिजू लागली, तशी भोकं भर उन्हाळ्यातही गळायला लागली.

बहिणीला तो आक्का म्हणायचा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि आक्का तेराची. तिनेच त्याला वाढवलं. आता ती विधवा होती आणि मुलीसह गल्लीत राहून शाळेचे गणवेश शिवायची. शिवणयंत्र ठेवायला जागा एकच, भोकासमोर. एकदा पन्नास पांढऱ्या शर्टांवर मातकट डाग पडले आणि शाळेने ते परत पाठवले. त्या संध्याकाळी तिने भावाला बोलावून भोक बुजवायला सांगितलं. पाण्याला वाट लागते, एवढं तो म्हणाला. पण आक्काला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. मूठभर सिमेंटचं काम. एक भोक बुजवल्याने भिंतीला काही होणार नाही, हे त्याला माहीत होतं.

गल्लीत काही झाकून राहत नाही. दुसऱ्या सकाळी शेजारची म्हातारी त्याच्या वाटेत उभी. बहीण तेवढी कोरडी, आणि आम्ही काय घरात होड्या सोडायच्या? एकच बुजवता येतं, सगळी नाही, असं तो सांगायला गेला आणि मधेच थांबला. एक घर कोरडं आणि अठरा ओली, आणि कोरडं ते आपल्या बहिणीचं. हे त्याला वाकडं वाटलं. सरळ माणूस होता. आठवडाभरात त्याने एकोणीसच्या एकोणीस भोकं बुजवून टाकली. गल्लीने त्याला डोक्यावर घेतलं. वर कॉलनीचा सेक्रेटरीही खूश झाला. भोकांतून उंदीर येतात अशी त्याची जुनी तक्रार होती. वरच्या आणि खालच्या लोकांचं आजवर या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

दीड वर्ष गेलं. आक्काकडे भिंतीला टेकून बसला असताना एका बुधवारी त्याच्या पाठीला दगड वेगळा लागला. उठून त्याने दोरी सोडली. भिंतीला पोट आलं होतं, चांगलं चार बोटं.

तो तसाच वर गेला आणि पाणी घालणं थांबवा म्हणाला. सेक्रेटरी हिरवळीवरच उभा होता. भिंत आमची आहे, म्हणाला, तिच्याखाली राहायला तुम्हाला कुणी सांगितलं? खाली येऊन ओळंब्याने घरोघर सांगितलं की भोकं उघडायला हवीत. वय झालं की पोट सुटतंच, म्हातारी म्हणाली, आणि लोक हसले. मग तो छिन्नी घेऊन आक्काकडे गेला. भिंतीलगत शिवलेल्या शर्टांची थप्पी होती.

"आक्का, आज फोडतो."

"शनिवारी शाळेत द्यायचेत. त्यानंतर फोड काय फोडायचं ते."

"मग तोवर तुम्ही दोघी माझ्याकडे चला."

"आणि मशीन कोण चालवणार, तुझा बाप?"

"आपला."

ती हसली. तोही हसला, आणि छिन्नी पिशवीत टाकून निघाला.

भिंत शुक्रवारी दुपारी पडली. आभाळ कोरडं होतं. सात खोल्या गेल्या. बहुतेक माणसं कामावर होती म्हणून मेले ते तिघंच. आक्का मशीनवर होती. तिच्यापर्यंत पोचायला अंधार पडला. माती उकरताना आधी शर्टच निघत राहिले, एकावर एक, बटणं लावलेले.

चौकशीला अधिकारी आला. भोकं कुणी बुजवली, त्याने विचारलं. ओळंबा पुढे होऊन म्हणाला, मी. अधिकाऱ्याने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि लिहिलं की खोल्यांचा भार आल्यामुळे भिंत ढासळली.

नवी भिंत सिमेंटची झाली. तीही भोकांसकट. लोक परत तिला पाठ लावून राहिले. दुसरीकडे जाणार कुठे? आक्काची मुलगी, त्याची भाची, तीही आली. तिने भोकाखाली पत्र्याची पन्हळ बसवली आणि पन्हळीखाली बादली ठेवली. ओळंबा दारोदार जाऊन हात जोडत होता. सगळे मान हलवायचे. तीन महिन्यांत एका भोकात चिंधी गेली, मग दुसऱ्यात सिमेंट. मूठभर तर लागतं, त्याला गवंडी कशाला हवा. वर्ष संपता संपता अठरा भोकं बंद झाली आणि सगळं पाणी भाचीच्या खोलीत येऊ लागलं. दिवसाला एक भरणारी बादली आता तासाला भरायची.

एक दिवस तो गेला तर तिने घमेल्यात सिमेंट कालवून ठेवलं होतं.

"मामा, सगळ्यांचं पाणी मीच का उपसायचं?"

त्याने घमेलं उचलून दाराबाहेर नेऊन ठेवलं. मग म्हणाला, "तू नको उपसूस. मी येतो राहायला."

तो अंथरूण घेऊन आला. बांधकामं सोडली. भाची सकाळी कामाला जाते, तो पन्हळीसमोर बसून राहतो. बादली भरत आली की उठतो, गटारात रिकामी करतो, परत लावतो. बाजार, दवाखाना, कुणाची मयत, काही असलं तरी तासाभरात घरी. बहिणीच्या श्राद्धालाही तो जेवायला थांबला नव्हता, असं म्हातारी सांगते, आणि बोलता बोलता स्वतःच्या कोरड्या भिंतीला टेकते.