लाइन थांबवणारे सर

शनिवार, दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला. हजर: शाळा समितीचे अध्यक्ष अण्णा, मुख्याध्यापक, पर्यवेक्षिका म्हणून मी, आणि ज्यांच्याबद्दल बैठक होती ते स्वतः. गैरहजर: समितीचे बाकी सगळे. विषय: यांना पुढे ठेवायचं की नाही.

भोसरीपासून चाकणपर्यंत कंपनी सोडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण कंपनीने ज्याला सोडलं नाही असा माणूस एकच पाहिला, आणि तो माझा दहावीचा वर्गमित्र आहे.

आमच्या शाळेचं माजी विद्यार्थ्यांवर फार प्रेम. दर वर्षी स्नेहसंमेलनाला त्यातला एखादा यशस्वी बोलावतात. शाल, नारळ, 'मी आज जो काही आहे तो या शाळेमुळे' हे वाक्य, ग्रुप फोटो, आणि मग तळवड्याला अर्जंट मीटिंग असल्यामुळे जेवणाला नकार. कार्यक्रमाची आखणी माझ्याकडे असते, त्यामुळे हा क्रम मला पाठ आहे. पाहुणा परत आला तर काय करायचं, हे मात्र त्या आखणीत नव्हतं. हा गृहस्थ चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीचा मोठा साहेब. पाहुणा म्हणून आला, शाल घेतली, ते वाक्य म्हटलं आणि पुढे म्हणाला की शाळेला गणिताचा शिक्षक हवाय असं कळलंय, बी.एड. मी नोकरी सांभाळून केलंय, तर जूनपासून येतो. अण्णांनी माइकवरच होकार देऊन टाकला. भाषणात माणूस असं बोलतोच, असं त्यांना वाटलं.

जूनमध्ये तो खरंच आला, आणि येताना अख्खी कंपनी घेऊन आला. पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या फरशीवर पिवळे पट्टे ओढले गेले. दप्तरं पट्ट्याच्या आत, चपला पट्ट्याबाहेर, कचऱ्याच्या डब्याला स्वतःचा चौकोन. शिक्षकांच्या खोलीतल्या फळीवर त्याने प्रत्येकाच्या कपाची बाह्यरेखा काढली. चित्रकलेचे सर निषेध म्हणून आपला कप रोज दुसऱ्याच्या रेषेत ठेवायचे आणि हा रोज तो उचलून जागेवर ठेवायचा, एक शब्द न बोलता. मुख्याध्यापकांच्या खुर्चीभोवतीही एक पिवळी चौकट आली. तेव्हापासून सर खुर्ची मागे सरकवण्याआधी खाली बघतात. सकाळी प्रार्थनेआधी वर्गाची उभ्याउभ्या बैठक, आज काय शिकायचं, काल काय राहिलं. सुट्टीत एकमेकांना 'शिफ्ट कशी झाली' असं विचारणारी पोरं मी स्वतः ऐकली आहेत.

उशिरा येणाऱ्याला शिक्षा नाही, पाच वेळा 'का' असं विचारायचं, म्हणजे दोष माणसात नाही, मुळाशी सापडतो, ही त्याची श्रद्धा. एका मुलाला त्याने विचारलं, उशीर का? गल्लीत अडकलो. का? टँकर आडवा उभा होता. का? ड्रायव्हर चहाला गेला होता. का? त्याला कोणी बोलत नाही. का? तर टँकर अध्यक्षांचा आहे. याने हे सगळं बाण काढून सुवाच्य अक्षरात कागदावर मांडलं आणि 'मूळ कारण' असा मथळा देऊन नोटीस बोर्डावर लावलं. अण्णा गावातले जुने जमीनवाले, स्वतःही याच शाळेचे. त्यांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. म्हणाले, "टँकर माझाच हाय, व्हय. पण त्यो पाण्याचा हाय, गणिताचा न्हाई." दुसऱ्या दिवसापासून टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा राहू लागला आणि मुलं वेळेवर येऊ लागली. अण्णा मात्र तो कागद विसरले नाहीत.

पण बैठक लागली ती कागदामुळे नाही, दोरीमुळे. कारखान्यात म्हणे लाइनच्या वर एक दोरी असते. जोडणी करताना काही चुकतंय असं वाटलं की कोणत्याही कामगाराने ती ओढायची, दिवा लागतो, अख्खी लाइन थांबते. याने सातवीच्या वर्गात कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बाकांच्या कडेकडेने भिंतीतल्या उंच खिळ्यांवरून फिरवली आणि फळ्याशेजारच्या पिवळ्या दिव्याच्या बटणाला बांधली. नियम असा की समजलं नाही त्याने ओढायची, आणि ओढणाऱ्याला सरांनी आधी 'थँक्यू' म्हणायचं. पहिले काही दिवस पोरांनी ती मधल्या सुट्टीसाठी ओढली, चिमणी आत आली म्हणून ओढली, उगाचही ओढली. हा प्रत्येक वेळी थँक्यू म्हणायचा. मग गंमत संपली आणि दोरी नुसतीच लोंबत राहिली, कारण समजलं नाही हे सगळ्यांसमोर सांगण्याची आमच्या शाळेत पद्धतच नाही.

आणि एक दिवस वर्गातल्या सगळ्यात गप्प मुलीने ती ओढली. तिचे वडील मराठवाड्यातून आलेले, भोसरीत लेथवर काम करतात. ती म्हणाली, "सर, भागाकार कधीच कळला नाही. वरून आकडा खाली कशाला उतरवायचा?" हा थँक्यू म्हणाला आणि त्याने विचारलं, अजून कोणाला? हळूहळू जवळजवळ सगळा वर्ग हात वर करून बसला. लाइन थांबली ती थांबलीच. बीजगणित बाजूला ठेवून सातवीच्या वर्गात चौथीचा भागाकार सुरू झाला. दिवाळीपर्यंत शेजारची तुकडी पुस्तकाच्या मध्यावर पोचली होती, आणि याची मुलं आपल्याला काय काय येत नाही ते आनंदाने सांगत होती. चाचणीत तुकडीचे गुण घसरले. पालकांनी विचारलं. येत्या सोमवारी शिक्षण खात्याची तपासणी, आणि तपासणीला अपूर्ण अभ्यासक्रम व लोंबती दोरी दाखवायची म्हणजे मुख्याध्यापकांना ताप येण्यासारखंच.

बैठकीत मुख्याध्यापकांनी पोर्शन या शब्दावर बराच वेळ घेतला. अण्णा सरळ मुद्द्यावर आले. त्यांनी विचारलं, "राव, तुमच्या कंपनीत असं लाइन थांबवून बसलं तर गाड्या कधी निघायच्या?"

"अण्णा, कंपनीत दोरी ओढली की साहेब पळत यायचा," तो म्हणाला. "इथं ती पोरगी तीन वर्षं मनातल्या मनात ओढत होती. कोणी आलं नाही."

 अण्णा म्हणाले की ते सगळं खरं असेल, पण शाळा चालवायची असते. निर्णय असा झाला: दोरी तपासणीआधी उतरवायची, पोर्शन मार्चपर्यंत पुरा करायचा, या दोन अटी मान्य असतील तर सर कायम. नाहीतर नाताळपर्यंत दुसरा माणूस बघायचा. दोरी उतरवण्याची जबाबदारी माझ्यावर. शाळेत जे काम कोणालाच नको असतं ते माझ्या यादीत येतं, कारण तिथे ते पुरं होतं.

बैठक संपल्यावर मी स्टूल आणि कात्री घेऊन वर्गात गेले. तो तिथेच होता. त्याने स्टूल धरलं.

"मान्य केल्यास ना अटी?" मी विचारलं.

"केल्या. मला इथंच राहायचंय गं. दोरी काय, दोरी आहे." मग वर दोरीकडे बघत म्हणाला, "कापू नकोस पण. गाठी सोड. चांगली दोरी आहे."

मी मागच्या बाकांवरची दोरी सोडवली. पुढच्या बाकांजवळ आले तेव्हा दिसलं, ज्यांचा हात पुरत नव्हता त्यांनी दोरीला खाली आपापले फासे बांधून घेतले होते. कोणी रिबिनीचे, कोणी बुटाच्या नाडीचे, एक चक्क राखीच्या गोंड्याचा. ते त्याने बांधले नव्हते, त्याला माहीतही नव्हते. तो स्टूल सोडून एकेक फासा बोटाने चाचपत पुढे गेला. कारखान्यात क्वालिटीचा साहेब असताना लोक म्हणे त्याला घाबरायचे. आता तो पाठमोरा उभा होता आणि बराच वेळ वळला नाही.

शिपाई कुलूप घेऊन दारात आला, तेव्हा मी खाली उतरले.

ठरवलेलं काम दहावीनंतर मी कधी उद्यावर टाकलेलं नाही. आज रविवार. यादीत बाकी सगळ्यापुढे खुणा आहेत. तपासणीच्या फायली लावल्या, पाहुण्यांच्या चहाचं सांगितलं, फळे पुसून झाले. एका ओळीपुढची जागा मोकळी आहे: सातवीचा वर्ग, पुढच्या बाकांवरची दोरी.