शेवटच्या तुकड्याची फट

विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सुतार काम करतोय. घरभर ताज्या सागवानाचा वास सुटलाय आणि मी पुन्हा कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये उभी आहे.

सत्तर सालानंतरची गोष्ट. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे यांचं लेथ मशीन होतं. बारा तुकड्यांचं कडं जोडून हे लाकडी वाडगं करत होते. प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं पंधरा अंशांत कापायची, तरच कडं नीट जुळतं. यांचा कोन किंचित चुकला. शेवटी उरलेल्या फटीत यांनी पाचर ठोकली आणि मशीन सुरू केलं.

मांडणीवरची भांडी थरथरली. मोठ्या भूकंपानंतर आमच्या कॉलनीत भांडी वाजली की कुणी विचार करत थांबत नसे. पाळण्यातली पोर उचलून मी अंगणात धावले.

"आवं, बाहेर या!"

हे हसत दारात आले. "अगं, भूकंप न्हाई. कोन चुकलाय माझा. वाडगं एकीकडं जड झालंय, म्हणून मशीन हादरतंय. थांब, बंद करतो."

मशीन बंद झालं. फिरणारं वाडगं थांबलेलं मला अंगणातूनही दिसलं. यांच्या हसण्यावर विश्वास ठेवायची मला किती घाई झाली होती, ते आज कळतं. पोरीला छातीशी धरून मी पायरीवर पाय ठेवला.

आत भांडी अजून वाजतच होती.