खुंटीवरच्या बंदुका आणि आम्ही बायका

घरात बंदूक असली की तिच्यातून बार कमी निघतात आणि किस्से जास्त. आमच्या विंझरच्या आसपास जिथं जिथं बंदूक होती, त्या प्रत्येक घरातला एखादा तरी किस्सा मला ठाऊक आहे. चार बायका जमल्या की एकीनं सुरू करायचं, आणि तिचं संपायच्या आत दुसरीनं म्हणायचं, "ह्ये काईच न्हाई, आमच्यात काय झालं त्ये ऐका!" ऐकणारे हसतात. तुम्हीही हसा. मला मात्र एवढी वर्षं झाली तरी रागच येतो.

ते संस्थानाचे दिवस. भात पोटरीला आलं की डोंगरातून रानडुकरं उतरायची. वरच्या वाड्यांवर वाघरू यायचं, गोठ्यातलं वासरू न्यायचं. म्हणून काही घरांना ठासणीच्या बंदुकीचं लायसन मिळालेलं. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालायचे, गजानं ठासायचे आणि मागं घोड्याखाली तांब्याची टिकलीएवढी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो आणि बार होतो.

लायसन पुरुषाच्या नावावर. पुरुष दिवसभर शेतावर. बंदूक दिवसभर घरात, खुंटीला, आमच्या डोक्यावर! आणि तिच्याबद्दल आम्हाला शिकवायचं काय, तर "बायकांनी हात लावायचा न्हाई." संपला क्लास!

* * *

माझं माहेर भोरचं. मालक पलटणीत होते, बसऱ्याच्या लढाईला जाऊन आलेले. पुढं हवालदार होऊन पेन्शनीत आले. सगळा गाव त्यांना हवालदार म्हणायचा, मग मीही तेच म्हणायला लागले.

पेन्शनीत आल्यावर घरात पाऊल टाकलं आणि त्यांची नजर गेली खुंटीकडं. सासूबाईंनी बंदुकीच्या नळीला लसणाची जुडी अडकवलेली! हवालदारांनी आधी लसूण उतरवला, मग सासऱ्यांना विचारलं, "आबा, भरल्याली हाय का?"

"न्हाई रं. दिवाळीपासनं रिकामीच हाय."

हवालदारांनी नळीत गज सोडला. गज तळाला जाईना, मधेच टेकला. त्यांचा चेहरा उतरला. ते बंदूक घेऊन परड्यात गेले, आम्हाला सगळ्यांना मागं उभं केलं आणि उकिरड्याच्या खड्ड्यात बार काढला. म्हशीनं दावं तोडलं. कोंबड्या शेजारच्या आवारात जाऊन पडल्या.

धूर विरला. आबा शांतपणे म्हणाले, "मग भरल्याली आसंल."

सासूबाई कधी त्यांच्यापुढं तोंड उघडायच्या नाहीत. त्या दिवशी उघडलं. "आसंल? दिवाळीपासनं म्या तिच्याखाली बसून भाकऱ्या थापतीया, आन तुमी म्हन्ता आसंल!"

* * *

हा दुसरा हसण्यासारखा नाही. पण हा सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

गुंजवण्याला चंद्रा म्हणून एक पोर होती, लग्न होऊन वर्षही झालं नसेल. दसऱ्याच्या आधी भिंती सारवायला घेतल्या. खुंटीवरची बंदूक सारवताना मधे येत होती, म्हणून तिनं ती उतरवली. दीर सकाळी रानातून आला होता. त्यानं बंदूक भरलेली, टोपी बसवलेली, तशीच अडकवली आणि जेवायला बसला होता. चंद्राच्या पदरात घोडा अडकला. तिनं पदर सोडवायला ओढला, आणि बार झाला. डाव्या हाताची बोटं गेली.

बैलगाडीत घालून तिला भोरच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. आणि घरच्यांनी चावडीवर काय सांगितलं? "बाईनं हात लावलाच कशाला?" दिराला कुणी चकार शब्दानं बोललं नाही! तो पुढच्या आठवड्यात तीच बंदूक घेऊन डुकरामागं गेला.

मी तिला बघायला गेले. सासू माझ्यासमोरच म्हणाली, "आमच्या सुनंला नसता उद्योग." सासू पाणी आणायला उठली तेव्हा चंद्रा हळूच बोलली, "आक्का, इळा कसा धरायचा त्ये आईनं शिकवलं. मुसळ कसं धरायचं त्ये सासूनं शिकवलं. ह्ये कुनीच न्हाई वं शिकवलं."

वाटभर माझं डोकं फिरलेलं. घरी आल्या आल्या हवालदारांना विचारलं, "पलटणीत शिपायाच्या हातात बंदूक देण्याआधी काय करता?"

"शिकवतो."

"आणि घरात बायकांच्या डोक्यावर टांगण्याआधी?"

हवालदारांनी खुंटीवरची बंदूक उतरवून हातात घेतली. मग म्हणाले, "बाया येतील?"

"बायकांचं मी बघते. त्यांचे दादले पाठवतील का, ते तुम्ही बघा!"

* * *

आमच्या खळ्यावर पहिला क्लास ठरला. निरोप गेले बायकांसाठी आणि आले पुरुष! प्रत्येकाचं एकच, "आमची घाबरती." ज्यांच्या बायका वाघराच्या रानात एकट्या लाकडं आणायला जात होत्या, ते सांगतात, आमची घाबरती!

त्यात बापू म्हणून एक होते. आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. ते म्हणाले, "हवालदार, बायकास्नी बंदूक शिकवाया लागलात, मग आमी काय करायचं?"

बापूंची बायको कुडाच्या मागं येऊन उभी राहिलेली. तिथूनच आवाज आला, "भाकरी!"

ती हसली, कुडामागच्या बाकीच्याही हसल्या, आणि एकेक करत खळ्यावर येऊन बसल्या. अहो, अर्धा गाव कुडामागंच होता!

हवालदारांनी शिकवलं ते साधंच. बंदूक हातात आली की नळी जमिनीकडं. चापाला बोट लावायचं नाही. कुणी "रिकामी आहे" म्हणालं तर ऐकून घ्यायचं, पण मानायचं नाही. बंदूक एका जागी, दारू दुसऱ्या, टोप्या तिसऱ्या, आणि सगळं पोरांच्या हातापासून आणि चुलीपासून लांब. हवालदार ते पलटणीच्या भाषेत सांगायला लागले की बायका नुसत्या बघत बसायच्या. शेवटी बापूंच्या बायकोनंच सोपं करून सांगितलं, "अगं, नळी म्हंजी सासूचं तोंड. आपल्याकडं वळू द्याचं न्हाई!"

माझ्या सासूबाई पहिल्या ओळीत बसलेल्या. मी मान खाली घातली. तर त्याच सगळ्यांत मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, "ह्ये बेस समजलं!"

* * *

चुलीपासून लांब, हे मी उगाच म्हणत नाही. आमच्याकडं पावसाळा म्हणजे काय ते सांगायला नको, घरातलं मीठसुद्धा वाहायला लागतं. दारू सादळायची. मग पुरुष काय करायचे? ती चुलीच्या वैलावर सुकत ठेवायचे! बंदुकीची दारू! चुलीच्या वैलावर! आणि वर बायकांना म्हणायचे की तुम्हाला कळत नाही.

किकवीचे तात्या त्यातलेच. त्यांनी डबा वैलावर ठेवला आणि निघून गेले. त्यांची बायको गजराबाई. तिनं डबा उघडला, तर आत काळं काळं दाणेदार. तिला वाटलं कारळे. चटणीसाठी भाजायला म्हणून तवा चढवला, मूठ भरून घेतली, आणि तव्यावर टाकणार तेवढ्यात तिला गंधकाचा वास आला. मूठ तशीच आवळून ती पाठच्या दारानं पळाली ती थेट नदीपर्यंत. तात्या संध्याकाळी आले आणि काय म्हणाले? "सांडली तर न्हाईस ना?"

पुढं गजराबाई विंझरला आपल्या बहिणीकडं आली तेव्हा आमच्या खळ्यावर येऊन बसली. सगळं नीट ऐकलं. हवालदारांनी सांगितलं होतं, दारू कुलपात ठेवायची आणि किल्ली शुद्धीत असलेल्या माणसाकडं.

थोड्या दिवसांनी तात्या तावातावानं आमच्या दारात. "हवालदार, ह्ये काय शिकवून ठिवलंय तुमी? बंदुकीची दारू कुलपात ठिवली, चांगलं झालं. पन हिनं माजी बी ठिवली!"

"मग वहिनींना विचारा की."

"इचारलं! म्हनती, हवालदार दारू म्हनाले. कुठली, त्ये न्हाई म्हनाले!"

* * *

हे सगळं खेड्यातच होतं असं समजू नका. भोरला आमच्या माहेरच्या शेजारी एक वकील राहायचे. त्यांच्याकडं काडतुसांची दुनळी, विलायती. मी माहेरी गेले की वकीलवहिनींना सगळं शिकवायची. वकील हसायचे. "तुमचा क्लास खेडवळ बायकांसाठी ठीक आहे. आमच्याकडं सगळं सायंटिफिक असतं."

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. आत बायका, बाहेर ओसरीवर वकील आणि वहिनींचे भाऊ. वकिलांना दुनळी दाखवायची हौस आली. आतून आणली, खांद्याला लावली, मेहुण्याच्या छातीवर रोखली आणि ओरडले, "हँड्स अप!" मेहुणे बिचारे पन्ह्याचा पेला हातात धरून बसलेले.

वहिनी कुंकवाचा करंडा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी करंडा खाली ठेवला. ओरडल्या नाहीत, काही नाही. बाजूनं जाऊन नळी खाली दाबली, दुनळी काढून घेतली आणि मधून मोडून उघडली. दोन काडतुसं सतरंजीवर पडली. टक, टक.

वकील म्हणाले, "अगं, चेष्टा होती!"

वहिनींनी दोन्ही काडतुसं उचलली आणि भावाच्या हातात ठेवली. "दादा, हे तुझं वाण. जाताना घेऊन जा. यांची चेष्टा पुन्हा व्हायला नको."

आता भोरात बोलबाला कशाचा झाला? वकील मेहुण्याला मारता मारता राहिले याचा? छे! "वकिलाची बायको फार पुढारलेली आहे हो. चारचौघांत नवऱ्याच्या हातातून बंदूक काढून घेते!"

* * *

शेवटचा भागूबाईचा.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत ती राहायची. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, त्याची आठवण ठेवावी असा तो माणूस नव्हता. भागूबाई विंझरच्या बाजाराला आली की येता येता आमच्या खळ्यावर टेकायची. सगळ्यांच्या मागं. पदर कपाळापर्यंत ओढलेला, पण हनुवटीवरचा काळानिळा डाग दिसायचाच. ती कधी बोलली नाही. एकदाच विचारलं.

"हवालदार, टोपी नसली तर बार व्हतो का?"

"न्हाई होत."

"बरं," म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

शिमगा झाला त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारची वेळ. भागूबाई अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. नवरा पिऊन आला. भाकरी का झाली नाही म्हणून सुरू झाला, आणि आतून बंदूक घेऊनच बाहेर आला. "आज तुला ठिवत न्हाई!" शेजारीपाजारी कुंपणाशी जमा झाले. एकही माणूस अंगणात उतरला नाही. पोरं गोठ्याच्या दाराशी उभी होती.

भागूबाईनं सूप खाली ठेवलं. जागची हलली नाही. त्यानं घोडा चढवला आणि चाप ओढला.

चट्.

पुन्हा चढवला, पुन्हा ओढला. चट्. तो घोड्याकडं वाकून बघायला लागला. तेवढ्यात ती उठली, बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली, आणि पोरांना म्हणाली, "चला रं."

मधली दोन गावं ओलांडून ती भर दुपारी चालत गेली. डोक्यावर पदर, खाली वळवलेली बंदूक, मागं पोरं. वाटेत माणसं बाजूला सरून उभी राहिली. ती सरळ वेल्ह्याला कचेरीत शिरली. हवालदार त्या दिवशी आपल्या पेन्शनच्या कामाला तिथंच बसलेले होते, म्हणून हे मला शब्दन् शब्द ठाऊक आहे.

तिनं बंदूक भिंतीला टेकवली. ओच्यातून टोप्यांची डबी काढून कारकुनाच्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "ह्ये जमा करून घ्या."

कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. म्हणाला, "बाई, असं चालत नाही. लायसन नवऱ्याच्या नावावर आहे. बंदूक त्याच्या नावावर आहे. तुम्ही कोण आणणार?"

भागूबाईनं कपाळावरचा पदर मागं सारला. हवालदार म्हणतात, तिचा चेहरा त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पुरता पाहिला.

"बंदूक त्येच्या नावावर आसंल, सायेब," ती म्हणाली. "जीव माज्या नावावर हाय."