खालच्या अकरा ओळी

खिळेमास्तर म्हणजे चाळीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारा माणूस. अक्षर उलटं असो की सुलटं, नुसत्या बोटांनी ओळखायचे. वाचायचे मात्र नाहीत हं! "जुळारी वाचत बसला तर सकाळचा पेपर दुपारी निघेल," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

त्या दिवशी मालकांनी त्यांच्यापुढे शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकाचं प्रूफ टाकलं. धडा महायुद्धाचा, शेवटी चौकट: 'महत्त्वाचे नेते आणि संज्ञा'. युद्धकाळातल्या पंतप्रधानांना फोटोसकट नऊ ओळी. मग नाकेबंदी, शस्त्रसंधी, बिनशर्त शरणागती आणि तळाला 'बेपत्ता: ज्याचा ठावठिकाणा लागत नाही असा सैनिक.' एक ओळ. झालं, संपलं!

"पान लांबतंय, मास्तर. खालून कापा थोडं," मालक म्हणाले.

मास्तरांची पेन्सिल जागीच थांबली. हेच शब्द त्यांनी आधी एकदा ऐकले होते.

युद्धाच्या तिसऱ्या वर्षी त्यांचा थोरला भाऊ आघाडीवर बेपत्ता झाला. तसं पत्र आलं आणि पंधरा दिवसांत बॉम्बनं घरच गेलं. वहिनीला घेऊन मास्तरांनी दोनदा बिऱ्हाड हलवलं. पुढची सरकारी पत्रं कुठल्या दारात पडली, देव जाणे! भरवसा उरला तो पेपरात येणाऱ्या मृतांच्या यादीचा. वहिनी रोज सकाळी डोळ्यांत तेल घालून ती यादी वाचायची. नाव नाही म्हटल्यावर चूल पेटवायची.

एका संध्याकाळी यादी जुळवून तयार होती आणि ऐनवेळी पंतप्रधानांचं भाषण आलं. मोठ्या टायपात, पहिल्या पानावर, शब्दही गाळायचा नाही! "यादी खालून कापा, उरलेली नावं उद्या घेऊ," फोरमन ओरडला. मास्तरांनी खालच्या अकरा ओळी उचलल्या. आतल्या पानावर भाषणाचा राहिलेला भाग होता, त्याला खिळे कमी पडत होते. म्हणून त्या ओळी मोडून तेच खिळे भाषणात घातले. दुसऱ्या दिवशी नवी यादी आली. कालच्या अकरांची आठवण कुणाला राहणार?

युद्ध संपलं. जुने कागद टोचून ठेवायची तार रिकामी करताना मास्तरांना त्या यादीचा मूळ कागद सापडला. या वेळी मात्र त्यांनी वाचला. खालच्या अकरांत आठवं नाव भावाचं, वडिलांच्या नावासकट. स्वतःच्या हातानं जुळवलेलं, स्वतःच्याच हातानं मोडलेलं.

त्याच आठवड्यात पाणीखात्यातल्या एका भल्या माणसानं वहिनीला दुसऱ्यांदा लग्नाचं विचारलं होतं. "आणि हे परत आले तर?" म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं. कागद मास्तरांच्या खिशात होता, तरी त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. घाबरले बिचारे, असं त्यांची बाजू घेणारे म्हणतील. मी नाही म्हणणार. वेळेवर गरम जेवण, धुतलेले कपडे, आजारपणात उशाशी माणूस; वहिनी गेली असती तर हे कुणी केलं असतं? कागद गेला खिळ्यांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात.

आज मास्तरांनी प्रूफ तसंच ठेवलं, तो खण उघडला आणि भर दुपारी घर गाठलं.

वहिनी भाजी निवडत होती. केस पांढरे झालेले, चष्मा नाकावर घसरलेला. मास्तरांनी कागद पुढे ठेवला आणि त्या संध्याकाळचं सगळं सांगून टाकलं. पदराला हात पुसून तिनं बोट ओळीओळीवरून खाली नेलं. आठव्या नावावर ते थांबलं.

"हा कागद सापडला कधी?"

"युद्ध संपलं त्या वर्षी."

"म्हणजे पाणीखात्यातले ते यायचे, तेव्हा?"

मास्तरांनी मान डोलावली. वहिनी रडेल, ओरडेल, दोन शिव्या तरी देईल, असं त्यांना वाटलं होतं. निदान तेवढ्यानं त्यांना मोकळं वाटलं असतं. तिनं कागदाची घडी घातली, चष्मा काढला.

"अठ्ठावीस वर्षं," ती म्हणाली. "रोज दोन्ही वेळचं माझ्या हातचं जेवत होतात, भाऊजी."

मग ती उठली आणि चुलीवरचं भांडं खाली उतरवलं.